कोसळण्याआधीचे क्रियापद

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तिथल्या अभियंत्याने नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून कळवले होते की पुतळ्याच्या जोडणीतले नट-बोल्ट गंजले आहेत. आदल्या वर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते ज्याचे अनावरण झाले तो पस्तीस फुटी पुतळा नऊ महिनेही उभा राहिला नाही. पडल्यावर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे कारण सांगितले. महाराष्ट्रभर संताप उसळला, पण पुढचे कित्येक दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद होते, कोसळला. पत्रातले क्रियापद, गंजले, फार थोड्यांनी उच्चारले.

मला त्या दुसऱ्या क्रियापदाबद्दल बोलायचे आहे. कोसळणे हे शेवटच्या काही सेकंदांचे वर्णन आहे. त्याआधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जे चाललेले असते त्यासाठी मराठीत वेगळी आणि नेमकी क्रियापदे आहेत. झिजणे, गंजणे, पोखरणे, तडकणे, फुगणे, कलणे, खचणे, ढासळणे. माणसे वाचवता येतात ती या क्रियापदांच्या काळात. कोसळण्याच्या काळात फक्त ढिगारा उपसता येतो. बातमी, पंचनामा, चौकशी अहवाल आणि मंत्र्यांचे निवेदन या चारही ठिकाणांहून आधीची क्रियापदे गायब झाली आहेत. ती परत आली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ती नसतील तर दोषींवर कारवाईची भाषा कितीही कडक असली तरी तिला धरायला काही उरत नाही.

ही क्रियापदे एकमेकांचे पर्याय नाहीत. खचते ती जमीन, पाया, विहिरीचा काठ, घाटरस्त्याची दरीकडची कड. खचणे खालून सुरू होते आणि वरून पाहणाऱ्याला उशिरा कळते. ढासळते ती भिंत, वाड्याची गढी, किल्ल्याचा बुरूज. ते वरून किंवा बाजूने होते, एकेक दगड निसटत, आणि त्याला अनेक पावसाळे लागतात. कोलमडते ते टेकूवर किंवा काठ्यांवर उभे असलेले, म्हणजे मांडव, परांची, शेतातला मचाण. त्याचा एखादा आधार निघालेला किंवा काढलेला असतो. झाड उन्मळते तेव्हा ते मुळांसकट येते, मोडते तेव्हा खोडातून. वादळानंतर गावातला कुणीही म्हातारा माणूस हा फरक न चुकता करतो, कारण उन्मळलेल्या झाडाखाली माती भिजून सैल झाली होती आणि मोडलेले झाड आतून पोकळ होते हे त्याला ठाऊक असते. म्हणजे क्रियापदातच कारणाची निम्मी नोंद आहे. सगळ्याला सरसकट 'कोसळले' म्हटले की ती नोंद पुसली जाते.

पाण्यावर हा फरक आणखी बारीक होतो. होडी आधी कलते. कललेली होडी परत सरळ होऊ शकते, नव्हे, ती तशी व्हावी म्हणूनच बांधलेली असते. एका बाजूला झुकली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणीच तिला वर ढकलते. पण माणसे उभी राहिली, टपावर चढली, एका अंगाला धावली, तर वजन इतके वर आणि इतके कडेला जाते की पाण्याचा तो रेटा पुरा पडत नाही. मग ती कलंडते, काठावरून पाणी आत घेते आणि उलटते. बुडणे ही निराळीच गोष्ट. तळाला भोक पडले तर होडी सरळ बसल्या जागी बुडते, आणि उलटलेली लाकडी होडी पालथी होऊन तासन्‌तास तरंगतही राहते. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ ला कॉलेजच्या विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. फोटो काढायला मुले एका बाजूला गेली म्हणून, असे सांगितले गेले. ते खरे धरले तरी तो कलंडण्याचा भाग झाला. त्याच्या आधी एक क्रियापद आहे, भरली. चाळीसच्या आसपास मुले त्या बोटीत चढली नव्हती, चढवली गेली होती. किती चढवायची, लाइफ जॅकेट द्यायचे की नाही, हे ठरवणारी माणसे मोठी होती. 'सेल्फीच्या नादात बोट उलटली' या वाक्यात ती मोठी माणसे कुठेच नाहीत.

रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येकाने 'रामदास' बोटीची गोष्ट ऐकलेली असते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आमच्याकडे ही गोष्ट लाटेची म्हणून सांगतात. मोठी लाट आली, लोक घाबरून एका बाजूला धावले, बोट कलली ती उठलीच नाही. वाचलेल्यांनी तसेच सांगितले होते आणि ते खोटे मानण्याचे काही कारण नाही. पण भर आषाढात, खवळलेल्या समुद्रात, सुमारे सातशे माणसे घेऊन त्या बोटीला कुणी सोडले, हा प्रश्न लाटेच्या गोष्टीत मावत नाही. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, म्हणून ती उलटल्याचे मुंबईला कित्येक तास कळलेही नाही. सोडली, भरली, यंत्रणा बसवली नाही. ही तीन क्रियापदे लाटेच्या आधीची आहेत आणि तिन्हींना कर्ता लागतो. पाऊण शतक आम्ही लाट आठवतो आहोत.

इथे व्याकरणातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. पडण्याचे पाडणे होते, बुडण्याचे बुडवणे, उलटण्याचे उलटवणे, फुटण्याचे फोडणे. मराठीत बहुतेक अकर्मक क्रियापदांच्या शेजारीच अशी करवणारी जोडी उभी असते. 'कोसळणे'ची जोडी मात्र आपण जवळजवळ वापरत नाही. 'कोसळवले' असे कुणी म्हटले तर कानाला खटकते. त्यामुळे 'पूल कोसळला' या वाक्याच्या मागे 'कुणी?' असा प्रश्न आपोआप उमटतच नाही. 'पूल पडला' म्हणाल तर निदान 'पडला की पाडला?' एवढे तरी मनात येते. कार्यालयीन निवेदनांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ आम्हा सगळ्यांनी, हे क्रियापद जवळ केले त्यामागे कट नाही, सवय आहे. पण सवयीचाही परिणाम होतोच.

एरवी मराठी माणसाला कर्ता शोधायची केवढी हौस आहे! सरकार पडले असे आपण एक दिवस म्हणतो, दुसऱ्या दिवसापासून 'सरकार पाडले'. वसंतदादा पाटलांचे सरकार १९७८ च्या जुलैमध्ये गेले. ते कुणी पाडले, का पाडले, यावर आजही भांडणे होतात. वाजपेयींचे सरकार १९९९ च्या एप्रिलमध्ये एका मताने गेले तर ते एक मत कुणाचे, याची चर्चा पंचवीस वर्षे पुरली. बाजारभावाचेही तेच. वर्तमानपत्र लिहिते 'कांद्याचे भाव कोसळले', पण लासलगावच्या बाजार समितीत उभा असलेला शेतकरी म्हणतो 'भाव पाडले'. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा त्याला कर्त्याचे नाव आणि निर्णयाची तारीख दोन्ही पाठ होती. पैसे बुडाले असे म्हणणारा माणूसही दोन वाक्यांत 'बुडवले' वर येतो. आणि त्याही मागे जायचे तर, तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली असे कुणी सांगत नाही. बुडवायला लावली असेच सांगतात, आणि कुणी लावली ते परंपरेने साडेतीनशे वर्षे लक्षात ठेवले आहे.

त्याच इंद्रायणीवर, देहूच्या वरच्या अंगाला, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांसकट नदीत गेला. चार माणसे मेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. तिथे कर्ता शोधताना आमची नजर पहिल्यांदा कुठे गेली? गर्दीवर. धोक्याचा फलक लावलेला होता, लोकांनी ऐकले नाही, दुचाकी आणल्या, असे. लोक बेफिकीर होते, यात शंका नाही. पण पूल मुळात शेतकऱ्यांच्या येण्याजाण्यासाठीचा, कित्येक वर्षांचा, गंजलेला. नव्या पुलाला सुमारे आठ कोटी रुपये मंजूर झालेले होते, म्हणजे जुना निकामी आहे हे सरकारच्या कागदावर मान्य होते. मान्य असूनही तो अडवला गेला नाही. पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी तिथे काय होते हे परिसरातल्या सगळ्यांना माहीत होते. 'अडवला नाही' हे इथले खरे क्रियापद आहे. गोव्यात २०१७ च्या मे महिन्यात कुडचड्याजवळ तसेच घडले होते. नदीत उडी घेतलेल्या माणसाचा शोध पाहायला लोक वापरासाठी बंद असलेल्या पोर्तुगीजकालीन पादचारी पुलावर जमले आणि पूल त्यांना घेऊन पडला. बंद केला होता, तरी माणसे पुलावर पोचू शकली. 

एकदाच काय ते करवणारे क्रियापद ठामपणे वापरले गेले, आणि ते आठवून आजही वाईट वाटते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितले की खेकड्यांनी भिंत पोखरली. मातीच्या धरणाच्या भिंतीत खेकडे बिळे करतात, हे खरे आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला ते बांधावर रोज दिसते. म्हणूनच तर मातीच्या धरणाची देखरेख करायची असते. पोखरणे जर खेकड्यांचे असेल तर बुजवणे कुणाचे होते?

इमारतींबाबत ही आधीची क्रियापदे सगळ्यात जास्त माहीत असतात ती तिथे राहणाऱ्यांना, आणि त्यातही घरात दिवसभर वावरणाऱ्या बायकांना. दार घासायला लागले. खिडकी लागत नाही. लादी एका बाजूला बसली. भिंत फुगली आहे. स्लॅबचे पोपडे पडतात, पिठात येतात. रात्री कडकड आवाज येतो. यातले प्रत्येक वाक्य तांत्रिक माहितीच आहे. चौकट वाकडी झाल्याशिवाय वर्षानुवर्षे नीट लागणारे दार अचानक घासत नाही. पोपडे पडतात कारण आतली सळई गंजून फुगते आणि तिच्यावरचे काँक्रीट ढकलून देते. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. फुगलेली भिंत सांगते की भार जिथून जायला हवा तिथून जात नाही. ही भाषा पालिकेच्या विभाग कार्यालयात पोचते तेव्हा तिला जागा नसते. तिथे इमारत धोक्याच्या प्रमाणानुसार सी-१ (अतिधोकादायक) असते, सी-२ए असते, सी-२बी किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) असते. वर्गवारी हवीच, तिच्याशिवाय हजारो इमारतींत आधी कुठे जायचे हे कळणार नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने सक्तीची आहे तेही योग्यच. पण ज्या बाईने 'दार घासतंय' असे सांगितले तिला उत्तर म्हणून एक अक्षर आणि एक आकडा मिळतो, आणि ज्याला तिने सांगितले त्याच्या कागदावर तिचे वाक्य उरत नाही.

घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालले होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला असे रहिवासी सांगत होते. खांब काढला. किती साधे, किती स्पष्ट क्रियापद! मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला पडलेली इमारत तर अनधिकृत होती, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवले गेले होते. ७४ माणसे मेली आणि पुढे पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. महाडची तारीक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा तिला दहा वर्षेही झाली नव्हती, १६ जण गेले. जुनी इमारत ढासळते, हे समजू शकते. दहा वर्षांच्या आतली पाच मजली इमारत ढासळत नाही, ती मुळात नीट बांधलेली नसते. या तिन्ही घटना बातम्यांच्या संग्रहात एकाच मथळ्याखाली सापडतात, 'इमारत कोसळून'. काढला, चढवले, बांधली नाही, हे तीन निराळे गुन्हे एका शब्दात विरून जातात.

घाटकोपरच्याच होर्डिंगचा हिशोब आणखी सरळ आहे. १३ मे २०२४ च्या वादळात ते पेट्रोल पंपावर पडले आणि १७ जण मेले. पालिकेच्या नियमात जास्तीत जास्त ४० बाय ४० फूट बसते, ते १२० बाय १२० फूट होते. क्षेत्रफळ काढले तर नऊ पट. वारा ज्या पत्र्याला ढकलतो त्याचा आकार नऊ पट केला की वाऱ्याचा रेटाही त्याच प्रमाणात वाढतो, मग तोच वारा वादळ ठरतो. त्या दिवशी मुंबईत वारा सगळ्याच होर्डिंगांना लागला होता.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. घटना घडली त्या रात्री वार्ताहराला काय माहीत असते? तो 'पाडला' लिहील तर निराधार आरोप होईल, बदनामीचा दावाही होऊ शकेल. अगदी मान्य. पहिल्या रात्री 'कोसळला' हेच प्रामाणिक क्रियापद आहे आणि मी ते काढून टाका असे म्हणत नाही. घाईने लावलेला कर्ता नेहमी खालचाच निघतो, नावाडी, वेल्डर, रखवालदार, फार तर ज्याच्या सहीने शेवटची फाइल गेली तो कनिष्ठ अभियंता. मालवणला पत्र लिहिणाराही कनिष्ठ स्तरावरचाच अधिकारी होता, हे विसरू नये. माझी तक्रार आठव्या दिवसाची आणि आठव्या महिन्याची आहे. तोवर माहिती आलेली असते, तरी क्रियापद बदलत नाही.

नीलकमल बोटीचे उदाहरण घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेली ही बोट. पहिल्या बातम्या आल्या त्या प्रवासी बोट उलटल्याच्या, बुडाल्याच्या. थोड्या वेळाने एका प्रवाशाने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण बाहेर आले. इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट वळसे घेत येते आणि सरळ धडकते. १५ जणांचे प्राण गेले, त्यात नौदलाचे कर्मचारीही होते. ते चित्रीकरण नसते तर? बोटीवर परवानगीपेक्षा जास्त माणसे होती, तेही खरेच निघाले, आणि मग तेवढेच एक कारण पुरेसे मानले गेले असते. 'उलटली'ची 'धडक दिली' झाली ती एका प्रवाशाच्या हातात फोन होता म्हणून. वैनगंगेवर जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मजूर बाया मिरची तोडायला निघाल्या होत्या, त्यांची नाव उलटली, बहुतेक जणी परत आल्या नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. तिथे चित्रीकरण नव्हते. तिथे आजही 'उलटली' आहे. या बाया रोज नावेने का जात होत्या, उजनीच्या दोन काठांमधली माणसे बोटीवर का अवलंबून होती, हे प्रश्न त्या क्रियापदात शिरत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की शब्द बदलून लोखंड गंजायचे थांबणार नाही. नाही थांबणार. पण कायद्यात तरी या शब्दांवर पुष्कळ काही ठरते. निष्काळजीपणाने मृत्यू आणि सदोष मनुष्यवध यांच्यातली मोठी रेषा जाणिवेची आहे. आपल्या कृतीने किंवा कृती न करण्याने माणसे मरू शकतात हे आरोपीला माहीत होते का? माहीत नव्हते, नुसती हयगय झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली साधारण पाच वर्षांपर्यंतची शिक्षा. माहीत होते असे सिद्ध झाले तर कलम १०५ आणि दहा वर्षांपर्यंतचा कारावास. माहीत असणे सिद्ध होते ते आधीच्या क्रियापदांनी. 'गळते आहे' अशी गावकऱ्यांची तक्रार, 'गंजले आहेत' असे अभियंत्याचे पत्र, 'भिंत फुगली' असा सोसायटीचा अर्ज. हे कागद कुणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेला आले आणि त्यावर काय शेरा मारला गेला, यात गुन्हा लहान की मोठा ते आहे. पोलीस ठाण्यात सुरुवातीला अनेकदा 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. ज्याची तक्रार तीन महिने आधी लेखी दिलेली होती त्यात अकस्मात काय राहिले?

आणि उलट बाजूही सांगायला हवी. काही वेळा कागदावर चुकीचे क्रियापद लिहून ठेवलेले असते, तेही जबाबदारीचा पुरावाच असते. मुंबईचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या गर्दीच्या वेळी पडला आणि सात जण गेले. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरवली होती. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने त्याच्याबरोबर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे विधिमंडळात सांगितले गेले. मी महाडला लहानपणापासून त्या पुलावरून गेलो आहे. दगडी कमानीचा पूल वरून पाहून कळत नाही. पुराचे पाणी खांबाच्या पायाखालची माती खरवडून नेते ते पाण्याखाली घडते, आणि ते पाहायला पाणबुड्या उतरवावा लागतो किंवा यंत्राने तळ मोजावा लागतो. 'पाहणी केली' आणि 'तळ तपासला' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. अहवालात कोणते होते, हे त्या एसटीत बसलेल्यांच्या घरच्यांना कळायला हवे होते. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला, त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. इतके झपाट्याने काम करू शकणारी यंत्रणा ऑगस्टच्या आधीही तीच होती.

चौकशी आयोग नेमला की कायद्याने त्याचा अहवाल, तो सरकारला सादर झाल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली याच्या टिपणासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. तो ठेवला गेला तरी तुमच्या-माझ्यापर्यंत पोचत नाही. असे अहवाल बहुधा इंग्रजीत असतात. ज्यांची माणसे गेली ते मराठीत रडतात, मराठीत तक्रारी करतात, मराठीत साक्षी देतात, आणि निष्कर्ष त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. राज्याची राजभाषा मराठी आहे. अहवालाची मराठी प्रत त्याच दिवशी निघाली पाहिजे. आणि त्या मराठी प्रतीत 'पूल कोसळण्याची घटना घडली' अशी दोनदा निसटणारी वाक्यरचना चालू देऊ नये. घटना घडली, कोसळण्याची. दोन क्रियापदे वापरली आणि एकालाही कर्ता नाही.

वृत्तपत्रांनी एक साधा प्रघात पाडावा. घटनेच्या दहाव्या दिवशी तीच बातमी पुन्हा लिहायची, पण 'कोसळला' हा शब्द न वापरता. ज्याला तसे लिहिता येईल त्याने माहिती मिळवली आहे, आणि ज्याला येणार नाही त्याच्या वाचकाला निदान कळेल की माहिती अजून दडलेली आहे. जिल्ह्याच्या दैनिकांना हे मुंबईच्या दैनिकांपेक्षा चांगले जमेल, कारण तक्रार अर्ज कोणत्या कपाटात आहे ते त्यांच्या बातमीदाराला माहीत असते.

कुंडमळ्यानंतर राज्यभरच्या जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्यातून याद्या होतील, फलक लागतील. सध्याच्या फलकावर असते, 'पूल धोकादायक आहे. वापर करू नये.' तिथे पुढचे लिहिलेले असावे. या पुलाचा तिसरा खांब खचला आहे. तो अमुक तारखेला अमुक पदाच्या अधिकाऱ्याने तपासला. पूल अमुक तारखेपर्यंत पाडायचा आहे, तोवर दोन्ही बाजू अडवण्याची जबाबदारी अमुक कार्यालयाची. याच मजकुराची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरावी, म्हणजे तारीख उलटून गेली की सरपंचाला आणि गावातल्या कुणालाही तालुक्याला जाऊन तो कागद टेबलावर ठेवता येईल.